चंद्रावरील काळ्या पाषाणाची साक्ष

महाराष्ट्रातील माणसाला काळ्या पाषाणाची ओळख करून देण्याचे कारण नाही. सह्याद्रीचे कडे त्याचे, अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली, गडकोटांचे चिरे त्याचे आणि घरातले जाते व पाटा-वरवंटाही बहुधा त्याचेच. भूशास्त्रज्ञ ह्या पाषाणाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि तो निवून आमची ही दख्खनची भूमी तयार झाली. पौर्णिमेच्या चंद्रावर जे डाग दिसतात, ज्यांत आमच्या पूर्वजांना कधी ससा दिसला तर कधी हरिण दिसले, ते डागही ह्याच जातीच्या पाषाणाचे आहेत.

हे शेवटचे वाक्य आज सहज उच्चारता येते. परंतु ते निःशंकपणे उच्चारता यावे ह्यासाठी शास्त्रज्ञांना सुमारे साडेतीनशे वर्षे वाद घालावा लागला. तो वाद कसा चालला, प्रत्यक्ष दगड हाती आल्यावर त्यांच्या रसायनाने कोणती साक्ष दिली, आणि त्या साक्षीवरून काढलेली अनुमाने कोठे टिकली व कोठे ढासळली, हा आमचा आजचा विषय आहे. विषय चंद्राचा असला तरी त्यातला प्रश्न इतिहासाचाच आहे. उपलब्ध पुराव्यावरून न पाहिलेल्या काळाविषयी आपण किती बोलावे, हा तो प्रश्न होय.

दगडावाचूनचा वाद

गॅलिलिओने १६०९च्या अखेरीस आपली दुर्बीण चंद्राकडे वळविली आणि १६१०मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. चंद्र हा गुळगुळीत गोळा नसून त्यावर डोंगर आणि खड्डे आहेत, असे त्याने दाखविले. काळसर सपाट प्रदेश म्हणजे पाणी असावे, ही कल्पना त्या काळी प्रचलित होती. १६५१मध्ये रिच्चोली ह्या इटालियन धर्मगुरूने आपल्या ग्रंथात ह्या प्रदेशांस शांततेचा सागर, पर्जन्याचा सागर, वादळांचा महासागर अशी नावे दिली. तेथे पाण्याचा थेंबही नाही हे पुढे कळले. पण नावे राहिली ती राहिलीच.

खड्ड्यांविषयीचा वाद अधिक मौजेचा आहे. १६६५मध्ये रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन प्रयोग केले. एकात त्याने ओल्या चिकणमातीत बंदुकीच्या गोळ्या टाकल्या. दुसऱ्यात त्याने भुकटी केलेला अलाबास्टर आंचेवर उकळविला आणि त्यातून वर येणारे बुडबुडे फुटताना पाहिले. दोन्हींत चंद्रावरच्यासारखेच खड्डे पडले! मग खरे कारण कोणते? हूकने उकळण्याच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या बाजूने कौल दिला. कारण उघड होते. आकाशातून पडणारे गोळे आणावयाचे कोठून? लघुग्रह त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. पहिला लघुग्रह सापडला तो १८०१मध्ये. योग्य प्रयोग हाती असूनही केवळ एका गोष्टीचे ज्ञान नव्हते म्हणून तो बाजूस ठेवावा लागला.

त्यानंतर ज्वालामुखीचा पक्ष दोनशे वर्षे प्रबळ राहिला. १७८७मध्ये विल्यम हर्शेलसारख्या थोर ज्योतिर्विदाने चंद्रावर तीन ज्वालामुखी धुमसताना पाहिल्याचे जाहीर केले. पृथ्वीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात उजळलेले भाग त्याला तसे दिसले असावेत, असे आता मानतात. १८०२मध्ये लाप्लासने तर पृथ्वीवर पडणारे अशनी हे चंद्रावरच्या ज्वालामुखींनी उडविलेले दगड असावेत, अशी कल्पना मांडली.

ह्या मताला पहिला जोराचा धक्का अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ह्याने दिला. १८९२मध्ये त्याने अनेक रात्री दुर्बिणीतून चंद्राचे निरीक्षण केले आणि पुढल्या वर्षी निबंध लिहून सांगितले की, ही विवरे ज्वालामुखीची मुखे नव्हेत. ती आघाताने पडलेली आहेत. हा वाद केवळ चंद्रापुरता नव्हता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर, ज्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, तेही दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जात होते. तेथील दगडांत आघाताने काच झालेले खनिज सापडले आणि १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते आघातविवर असल्याचे दाखवून दिले. काळ्या पाषाणात पडलेली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी असल्यामुळे चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यास लोणारइतके सोयीचे स्थळ सहसा मिळत नाही.

१९४९मध्ये राल्फ बाल्डविनने दोन्ही पक्षांचा मेळ घातला. विवरे आघाताची, आणि सागर मात्र लाव्हारसाचे, असे त्याचे प्रतिपादन होते. तरीही सर्वांचे समाधान झाले नाही. नोबेल पारितोषिक मिळविलेले रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी ह्यांना चंद्र हा सूर्यमालेच्या आरंभापासून थंड राहिलेला, कधीही पुरता न वितळलेला गोळा वाटत होता. टॉमस गोल्ड ह्यांनी १९५५मध्ये सागरांत धुळीचे थर साचले असल्याचे मत मांडले. हे सारे विद्वान होते, प्रामाणिक होते, आणि एकाच चंद्राकडे पाहत होते. त्यांच्यात उणीव होती ती एकाच वस्तूची. दगड कोणाच्याच हाती नव्हता.

दगडांची जबानी

पहिली साक्ष एका यंत्राने मिळविली. ११ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेचे सर्व्हेयर-५ हे यान शांततेच्या सागरात उतरले. त्यात अँथनी टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेली एक लहानशी पेटी होती. पेटीतील किरणोत्सर्गी पदार्थातून निघालेले अल्फा कण मातीवर आदळत. परत उसळणाऱ्या कणांच्या ऊर्जेवरून मातीतील मूलद्रव्ये ओळखावयाची, अशी ही युक्ती होती. उत्तर आले ते बेसाल्टाचे. पुढे जानेवारी १९६८मध्ये सर्व्हेयर-७ उंचवट्याच्या उजळ प्रदेशात उतरले, तेव्हा तेथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम अधिक आढळले. काळा चंद्र आणि पांढरा चंद्र हे दोन निरनिराळ्या पाषाणांचे आहेत, हे तेव्हाच सूचित झाले.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्रावर उतरले आणि सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती घेऊन परतले. जानेवारी १९७०मध्ये ह्यूस्टन येथे जी परिषद भरली, तीत त्यांची पहिली सविस्तर जबानी वाचली गेली. आमच्या घाटातल्या दगडाशी ह्या दगडाची तुलना केली तर साम्य आणि भेद दोन्ही चटकन ध्यानात येतात. मुख्य खनिजे तीच: पायरोक्सीन, प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, काहींत ऑलिव्हीन. परंतु प्रमाणे निराळी. दख्खनच्या पाषाणात सिलिका साधारण ४८ ते ५० टक्के असते. अपोलो-११च्या पाषाणात ती ४० टक्क्यांच्या आसपासच. आमच्या दगडात टिटॅनियमचे ऑक्साइड सामान्यतः २ ते ३ टक्के. त्या दगडात १० टक्के आणि त्याहूनही अधिक. तेथे लोहाचे प्रमाण जास्त, तर सोडियमचे ऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे आमच्या दगडातल्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. इल्मेनाइट ह्या लोह-टिटॅनियमच्या काळ्या खनिजाने ते दगड भरलेले होते. त्यांत एक नवे खनिजही सापडले. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ह्या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून त्याला आर्मलकोलाइट असे नाव देण्यात आले.

सर्वांत नवलाची गोष्ट निराळीच होती. आमचा काळा दगड उघड्यावर राहिला की तांबूस होतो, झिजतो, त्याची माती होते. कारण पाणी आणि प्राणवायू त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. चंद्रावरच्या दगडात पाणी धरून ठेवणारे एकही खनिज मिळाले नाही. उलट त्यात शुद्ध धातुरूप लोहाचे सूक्ष्म कण होते, आणि तेही गंज न चढलेले! हा लाव्हारस जेव्हा निवला तेव्हा त्याच्याजवळ मोकळा प्राणवायू नव्हताच म्हटले तरी चालेल.

रसायनावरून त्याच्या वाहण्याची रीतही कळली. सिलिका कमी आणि लोह अधिक असल्यामुळे हा रस अतिशय पातळ, जवळजवळ तेलासारखा वाहणारा होता. म्हणूनच चंद्रावर त्याचे उंच शंकू झाले नाहीत. आघातांनी पडलेल्या प्रचंड खोलगट जागा त्याने भरून काढल्या आणि सपाट मैदाने केली. पर्जन्याच्या सागरातील काही प्रवाह हजार किलोमीटरांहून लांब गेलेले आहेत. आणि वय? अपोलो-११चे पाषाण ३६० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचे ठरले. त्यांच्यापुढे आमचा सह्याद्री म्हणजे कालचे पोर!

हे नमुने अनेक देशांतील प्रयोगशाळांस अभ्यासासाठी मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रावरील खनिजांत वैश्विक किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा वाचल्या आणि १९७१मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, ही गोष्ट महाराष्ट्रात विसरली जाऊ नये.

शिलारसाचा समुद्र

आता प्रश्न असा की, हा रस आला कोठून? येथे एका दुर्मीळ मूलद्रव्याने मोलाची मदत केली. विरल मृत्तिका ह्या नावाने ओळखली जाणारी मूलद्रव्ये सहसा एकमेकांच्या संगतीने वावरतात. त्यांतील युरोपियम मात्र, प्राणवायूची टंचाई असेल तेव्हा, भावंडांची संगत सोडून प्लॅजिओक्लेजमध्ये शिरते. चंद्रावरील काळ्या पाषाणात इतर भावंडे यथास्थित होती. युरोपियम तेवढे कमी भरले. म्हणजे हा रस ज्या खोल थरातून वितळून आला, त्या थरातील प्लॅजिओक्लेज पूर्वीच कोठे तरी निघून गेलेले होते.

ते कोठे गेले, ह्याचे उत्तर त्याच अपोलो-११च्या मातीत होते. काळ्या मातीत काही थोडे पांढरे कण मिसळलेले सापडले. ते जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेजचे, म्हणजे ॲनॉर्थोसाइट पाषाणाचे होते, आणि तशा पाषाणात युरोपियमचा वाटा नेमका वाढलेला असतो. १९७०मध्ये जॉन वुड आणि जोसेफ स्मिथ ह्यांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एक धाडसी अनुमान केले. हे कण दूरच्या उजळ डोंगराळ प्रदेशातून आघातांनी उडून आले असावेत, तो सारा प्रदेश ह्याच पाषाणाचा असावा, आणि तसे असेल तर चंद्र आरंभी शेकडो किलोमीटर खोल वितळलेल्या शिलारसाचा समुद्रच असला पाहिजे. तापविलेले दूध निवू लागले की साय वर येते. त्याप्रमाणे हलके प्लॅजिओक्लेज तरंगून वर आले आणि त्याचे पांढरे कवच झाले. जड ऑलिव्हीन व पायरोक्सीन तळाशी बसले. शेवटी शेवटी इल्मेनाइटाने भरलेला थर जमला, आणि कोणत्याच खनिजात न सामावलेल्या मूलद्रव्यांचा थोडा रस उरला. त्याला पोटॅशियम, विरल मृत्तिका आणि फॉस्फरस ह्यांच्या चिन्हांवरून क्रीप असे नाव मिळाले. पुढे कित्येक कोटी वर्षांनी किरणोत्सर्गाच्या उष्णतेने तळाचे हे थर जागजागी पुन्हा वितळले. तो रस भेगांतून वर आला. तोच आपल्याला दिसणारा काळा सागर होय.

चिमूटभर पांढऱ्या कणांवरून सबंध चंद्राची जन्मकथा सांगणे हे साहस खरेच. परंतु ह्या अनुमानाने स्वतःला परीक्षेस उभे केले होते. डोंगराळ प्रदेशात कोठेही जा, हाच पांढरा पाषाण मिळेल, असे ते सांगत होते. १९७१मध्ये अपोलो-१५च्या प्रवाशांना तसा दगड मिळाला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, जेथे पूर्वी कोणीही उतरले नव्हते अशा प्रदेशात उतरले. त्याच्या प्रज्ञान ह्या गाडीने २३ ठिकाणी मातीचे पृथक्करण केले, आणि त्या मातीचे रसायन लोहयुक्त ॲनॉर्थोसाइटाशी जुळले. अपोलोच्या स्थळांपासून इतक्या दूरवर मिळालेली ही साक्ष शिलारसाच्या समुद्राचे मत बळकट करणारी ठरली.

कोरड्या चंद्राचा सिद्धांत

त्याच दगडांवरून दुसरेही एक अनुमान निघाले होते. दगडात पाणी सापडत नाही, म्हणून चंद्राच्या पोटात पाणी नाही आणि कधी नव्हते. हे मत पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. चंद्राच्या जन्माविषयी १९७५मध्ये हार्टमन आणि डेव्हिस ह्यांनी जी उपपत्ती मांडली तिच्याशीही ते जुळत होते. पृथ्वीवर एक मोठा ग्रहगोल आदळला, उडालेल्या तप्त द्रव्याचा चंद्र झाला, आणि त्या तापात पाणी व सोडियमसारखे उडून जाणारे पदार्थ नाहीसे झाले, असे सांगता येत होते.

पण एक लहानशी वस्तू ह्याच्या आड येत होती. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो-१७चे भूशास्त्रज्ञ प्रवासी हॅरिसन श्मिट ह्यांना एका विवराच्या काठी नारिंगी माती दिसली. ती काचेच्या सूक्ष्म मण्यांची निघाली. साडेतीनशे कोटी वर्षांहून पूर्वी लाव्हारसाचे कारंजे उडाले आणि त्याचे थेंब हवेविना निवून हे मणी झाले. कारंजे उडावयाचे तर आत कोणता तरी वायू हवा. मण्यांच्या पृष्ठावर जस्त व गंधक ह्यांसारख्या उडून जाणाऱ्या मूलद्रव्यांचा लेपही होता. खूण समोर होती. पण तिच्यातील पाणी दाखविणारे सूक्ष्म उपकरण नव्हते. २००८मध्ये आल्बेर्तो साल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने हेच मणी तपासले आणि त्यांत पाणी दाखविले. २०११मध्ये मण्यांच्या आतील ऑलिव्हीनच्या स्फटिकांत कोंडून राहिलेला मूळ रस तपासला गेला. त्यात दर दहा लाख भागांत ६०० ते १४०० भाग पाणी आढळले. सबंध चंद्रात पाणी किती, ह्याविषयी मतभेद आहेत आणि पृथ्वीच्या मानाने तो कोरडाच मानला जातो. परंतु मुळीच पाणी नव्हते, हे विधान टिकले नाही.

येथे दोन अनुमानांतील भेद पाहण्यासारखा आहे. शिलारसाच्या समुद्राचे अनुमान एका सापडलेल्या वस्तूवर उभे होते आणि नव्या जागी जाऊन ते पडताळता येत होते. कोरड्या चंद्राचे अनुमान न सापडलेल्या वस्तूवर उभे होते. 'आमच्या उपकरणाला दिसले नाही' ह्या वाक्याचे 'तेथे नाही' असे रूपांतर केव्हा झाले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. कागदात उल्लेख नाही म्हणून घटना घडली नाही, असे म्हणणारा इतिहासकार ह्याच चुकीत सापडतो.

न पाहिलेले प्रदेश

दुसरी अडचण स्थळांची. अपोलोच्या सहा मोहिमांनी एकंदर ३८२ किलो दगड-माती आणली. रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनी सुमारे सव्वातीनशे ग्रॅम आणली. ही सारी स्थळे चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूची. केवळ पुण्याच्या पेशवे दप्तरावरून नागपूर, कोल्हापूर आणि तंजावर येथल्या सर्व घडामोडी लिहाव्यात, तसाच हा प्रकार होता. ह्या नमुन्यांतील बहुतेक काळे पाषाण ३०० कोटी वर्षांहून जुने होते. म्हणून चंद्र तेव्हाच निवत आला, अशी समजूत दृढ झाली. पृष्ठावरील विवरांची संख्या मोजणारे अभ्यासक काही मैदाने अधिक तरुण असावीत असे सांगत होते. पण त्यांच्या हाती दगड नव्हता.

तो डिसेंबर २०२०मध्ये मिळाला. चीनच्या चांग-अ-५ यानाने वादळांच्या महासागराच्या उत्तर भागातून १७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यांतील बेसाल्टाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघाले. इतक्या उशिरा रस वितळविण्यास उष्णता कोठून मिळाली? उष्णता देणारे क्रीप त्या थरात विपुल असेल किंवा पाण्यामुळे तो लवकर वितळला असेल, अशी अपेक्षा होती. २०२१च्या पृथक्करणात दोन्ही फोल ठरल्या. त्या थरातच कॅल्शियम व टिटॅनियम अधिक असल्याने तो कमी तापमानाला वितळला असावा, असे एक मत २०२२मध्ये पुढे आले. वाद मिटलेला नाही. २०२४मध्ये तर त्याच मातीतील काचेचे तीन मणी अवघ्या सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे असल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले.

चंद्राची पाठ तर १९५९पर्यंत कोणी पाहिलीही नव्हती. त्या वर्षी रशियाच्या लुना-३ने तिची छायाचित्रे घेतली, तेव्हा तेथे काळे सागर जवळजवळ नाहीतच असे दिसले. तिकडचे कवच अधिक जाड आहे, हे त्याचे एक कारण मानतात. जून २०२४मध्ये चांग-अ-६ने त्या बाजूचे पहिले नमुने आणले. त्यांतील बेसाल्ट सुमारे २८० कोटी वर्षांचे निघाले आणि एक तुकडा ४२० कोटी वर्षांचा. पाठीमागच्या बाजूसही ज्वालामुखी दीर्घकाळ जागे होते.

ह्या साऱ्याचे आपल्याला काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, पृथ्वीने स्वतःच्या बालपणाची पाने फाडून टाकली आहेत. पाऊस, वारा आणि सरकणारे भूखंड ह्यांनी तिचे पहिले दगड बहुतेक नष्ट केले. महासागरांच्या तळाचा पाषाण तर क्वचितच २० कोटी वर्षांहून जुना सापडतो. पृथ्वी व चंद्र ह्यांचा प्राणवायू समस्थानिकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखा आहे, म्हणजे दोघांचे गोत्र एकच. आपल्या घरचे जे दप्तर जळाले, त्याची नक्कल ह्या शेजाऱ्याकडे शिल्लक आहे.

आणि ती नक्कल जपून ठेवण्यात एक शहाणपण दाखविले गेले, ह्याची नोंद केली पाहिजे. अपोलोचे सगळे नमुने त्याच वेळी फोडून संपविले गेले नाहीत. पुढे अधिक चांगली उपकरणे निघतील, अधिक चांगले प्रश्न सुचतील, ह्या विश्वासाने काही जसेच्या तसे बंद करून ठेविले. १९७२मध्ये चंद्रावरच हवाबंद केलेली एक नळी २०२२मध्ये उघडली गेली. ज्यांनी ती उघडली त्यांच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. नारिंगी मणी पस्तीस वर्षे जपले गेले नसते, तर त्यांतले पाणी कधीच दिसले नसते. आमच्याकडे रुमालात बांधलेली कित्येक दप्तरे वाळवीच्या स्वाधीन होत आहेत, कित्येक शिलालेखांवर रंगाचे हात मारले जात आहेत. त्यांत काय आहे हे आज वाचता येत नसेल. पण उद्याच्या वाचकासाठी ते शाबूत राखणे आपल्या हाती आहे. चंद्रावरच्या काळ्या पाषाणाच्या इतिहासातून एवढा बोध घेतला, तरी हे विवेचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.